पालीला नवं बसस्थानक हवंच, पण आधी गाडीला गाडी मिळायला हवी

रायगड जिल्ह्यातल्या पालीच्या एसटी स्थानकाच्या दुरवस्थेची बातमी वर्षानुवर्षे छापून येते. नवी इमारत कधी होणार, हा त्या बातमीतला कायमचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, त्या इमारतीसमोर गाड्या येतात किती आणि एका गाडीतून उतरलेल्या माणसाला पुढची गाडी मिळते का?

आधी पालीची जागा समजून घेऊ. पाली हे सुधागड तालुक्याचं ठाणं. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचं देवस्थान इथलं, त्यामुळे माघी उत्सवात आणि चतुर्थीला राज्यभरातून भाविक येतात. पण तालुका मुख्यतः आदिवासी, धनगर आणि छोट्या शेतकऱ्यांचा. गावात रेल्वे नाही. पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर दिवा-रोहा मार्गावरचं नागोठणे स्टेशन आहे. ईशान्येला साधारण चाळीस किलोमीटरवर खोपोली, म्हणजे मुंबई लोकलचं शेवटचं टोक. जवळच वाकण फाटा, तिथून मुंबई-गोवा महामार्ग जातो. दोन रेल्वेमार्ग आणि एक महामार्ग यांच्या मधोमध बसलेलं हे गाव आहे. नकाशा पाहिला तर वाटावं, इथल्या माणसाला प्रवासाची काय अडचण?

अडचण अशी की पालीला स्थानक आहे, पण आगार नाही. एसटीच्या रायगड विभागात अलिबाग, पेण, रोहा, कर्जत, महाड, माणगाव, श्रीवर्धन आणि मुरूड इथे आगारं आहेत. सुधागडच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. ज्याला आगार नाही, त्याच्या हातात स्वतःची गाडी नाही आणि चालकही नाही. गाडी येते ती दुसऱ्या तालुक्यातून. तिथे गाड्या कमी पडल्या, एखादी नादुरुस्त झाली किंवा लग्नसराईत आणि यात्रेत जादा गाड्या सोडाव्या लागल्या, की पहिली कात्री अशा आडवळणाच्या फेरीला लागते. मुक्कामाची एसटी आदल्या संध्याकाळी गावात आली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाणारी मुलं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहतात.

आता सवलतींचं पाहा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. दोन्ही निर्णय चांगले, त्याबद्दल सरकारचं कौतुक करायला आम्हाला संकोच नाही. पण सवलत तिकिटावर आहे आणि तिकीट गाडीत बसल्यावर मिळतं. गाडीच आली नाही तर बाईला मिनीडोर किंवा रिक्षाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात. म्हणजे सरकारने दिलेली सवलत वेळापत्रकाने काढून घेतली! त्यात २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पूर्ण तिकीट काढणाऱ्या मजुराच्या खिशाला ही झळ बसते आणि गाडी चुकली की वरून दुसरं भाडं.

नाडसूरसारख्या गावातून एखाद्या बाईला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं असेल तर? आधी पालीला यायचं. थेट गाडी नसेल तर वाकण किंवा नागोठणे गाठायचं, मग वडखळ नाका, मग अलिबाग. प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी कधी, हे सांगणारं कुणी नाही. प्रत्यक्ष प्रवासाइतकाच वेळ उभं राहण्यात जातो. आणि हे उभं राहणं नुसतं कंटाळवाणं नसतं. २५ फेब्रुवारी २०२५ ला पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एसटीत एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर स्थानकांच्या सुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. कॅमेरे आणि दिवे हवेतच. पण बाईला अंधारात ताटकळत थांबावंच लागू नये, ही सुद्धा सुरक्षाच आहे.

गाडीला गाडी जोडणं ही काही परदेशी चैन नव्हे. मुंबईतला दादर टीटी आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि बंद झाली. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी नाव टिकलं, कारण लोकलमधून उतरायचं, चालत जायचं आणि ट्राम किंवा बस पकडायची, ही सवय त्या जागेने लोकांना लावली. जागेचं महत्त्व इमारतीमुळे नव्हतं, पुढची गाडी मिळण्याच्या खात्रीमुळे होतं.

स्वित्झर्लंडने हीच खात्री देशभर दिली. १९८२ मध्ये तिथे रेल्वेचं ठरावीक अंतराने धावणारं वेळापत्रक लागू झालं. डोंगरातल्या छोट्या स्टेशनवर आगगाडी येते तेव्हा पिवळी पोस्टबस बाहेर उभी असते. तो श्रीमंत देश, हे खरं. पण दोन वेळापत्रकं समोरासमोर ठेवून बसायला श्रीमंती कशाला लागते?

आपल्याकडे तर कायदाच तसं सांगतो. ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यावर एसटी उभी आहे, त्याचं कलम १८ महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि नीट समन्वय असलेली सेवा देण्याचं कर्तव्य टाकतं. कलम ३ मध्ये रस्ते वाहतुकीचा इतर वाहतुकीशी मेळ घालण्याचा उल्लेख आहे. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई महानगरासाठी ‘मुंबई वन’ ॲप आलं, त्यात लोकल, मेट्रो आणि शहरांच्या बस मिळून ११ सेवा एकत्र आल्या, पण एसटी त्यात नव्हती. खोपोलीपर्यंत एकाच ॲपवर तिकीट आणि खोपोलीच्या पुढचा माणूस वाऱ्यावर.

हा प्रश्न केवळ सुधागडचा नाही. म्हसळा, श्रीवर्धनहून मुंबईला निघालेली आपली कुटुंबंही याच वाकण-नागोठण्याच्या रस्त्याने जातात. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की मुस्लिमबहुल गावांना पक्के जोडरस्ते आणि बसथांबे पुरेसे मिळालेले नाहीत. त्या अहवालावर चर्चा शिक्षण आणि नोकऱ्यांची झाली, बसथांब्याची ओळ मागे राहिली. पण ज्या मुलीच्या गावाला सकाळची एसटी नाही, तिचं शिक्षण तिथेच थांबतं, मग ती कातकरी वाडीतली असो वा मोहल्ल्यातली. म्हणून ही मागणी एकट्या समाजाची म्हणून करू नये, बल्लाळेश्वराचे भाविक, वाडीवरचे आदिवासी आणि आपण सगळ्यांनी मिळून करावी.

एसटी तोट्यात आहे, गाड्या अपुऱ्या आहेत, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि ते खोटंही नाही. २०२१-२२ चा कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप आपण विसरलेलो नाही. चालक-वाहकांवर आधीच ताण आहे. रेल्वे उशिरा आली तर त्यांनी किती वेळ थांबायचं, हा प्रश्नही खरा आहे. म्हणूनच मागणी नेमकी हवी. नागोठण्याला थांबणाऱ्या मोजक्या गाड्या आणि खोपोलीच्या सकाळ-संध्याकाळच्या लोकल यांच्याशी पालीच्या निदान दोन-चार फेऱ्या जुळवाव्यात. उशीर झाल्यास किती मिनिटं थांबायचं, हे लेखी ठरवावं, म्हणजे दोष चालकाच्या माथी येणार नाही. मुक्कामाच्या गाड्या रद्द करायच्या असतील तर आदल्या दिवशी गावाला कळवावं. वाकण फाट्यावर आणि पाली स्थानकात गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लावाव्यात. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवी इमारत लागत नाही.

पालीला आता नगरपंचायत आहे, तालुक्याला आमदार-खासदार आहेत. स्थानकाच्या भूमिपूजनाला सगळे येतील, फोटोही निघतील. त्या दिवशी नागरिकांनी त्यांना एवढंच विचारावं: साहेब, संध्याकाळी नागोठण्याला उतरल्यावर पालीची गाडी किती वाजता आहे?