केकचा फोटो हाच मालाचा नमुना

घरबसल्या केक करून विकणाऱ्या आमच्या भगिनींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. ईद, अकीका, निकाह, मुलांचे वाढदिवस अशा प्रसंगी त्यांच्याकडे मागणी येते. हा सारा व्यवहार बहुतेक मोबाइलवरील फोटोवर ठरतो. गिऱ्हाईक केक चाखत नाही, फोटो बघते आणि पैसे पाठवते. तरीही घरातील पुरुष मंडळी फोटो काढण्याला बायकांची हौस समजतात, हे आम्हांस खटकते. आम्ही कापडाचे व्यापारी. नमुन्याचा तुकडा म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक आहे. केकचा फोटो हा तसाच नमुना होय.

कापडबाजारात जाणते गिऱ्हाईक ट्यूबलाइटखाली रंग पसंत करीत नाही, ठाण दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते. दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर येताच वेगळे पडतात. केकचेही तेच आहे. पिवळ्या बल्बखाली पांढरे क्रीम हळद लागल्यासारखे दिसते. बाजूने खिडकीचा उजेड आणि वरून बल्ब असला, तर एकच केक अर्धा निळसर, अर्धा पिवळा येतो. म्हणून दिवे आणि फ्लॅश बंद करून केक खिडकीजवळ ठेवावा. खिडकी उत्तरेची असल्यास उत्तम, तेथे थेट ऊन फारसे येत नाही. रंग जुळवणारे जुने कारागीरही याच उजेडावर भरवसा ठेवीत. ऊन येत असेल तर मलमलचा पडदा लावावा. समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की सावलीकडची बाजू उजळते. महागड्या दिव्यांवर पैसे घालण्याची गरज आम्हांस दिसत नाही.

केकखाली व मागे साटीन अंथरण्याची रीत मात्र सोडावी. साटीन आम्हीच विकतो, तरी सांगतो! त्याची चमक केकच्या नक्षीवर मात करते. कोरा मांजरपाट इस्त्री करून लावावा.

कॅमेऱ्याची एक खोड आहे. पुष्कळसा पांढरा रंग समोर आला की तो उजेड कमी करतो आणि क्रीम राखाडी दिसते. तेव्हा पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा. गडद लाल किंवा राणी रंगाची फुले असतील तर उलट करावे, नाहीतर पाकळ्या एकमेकींत मिसळून नुसता डाग दिसतो. मोबाइल फार जवळ नेल्यास केकचे पोट फुगलेले दिसते, म्हणून दोन पावले मागे उभे राहावे. उंच केक समोरून, त्याच्याच उंचीवरून टिपावा. वर नाव लिहिलेला असेल तर थोडा वरून. लोण्याचे बोट लागलेली काच आधी पुसावी, हे सांगायला नकोच.

पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या केकला दमट हवेत घाम सुटतो, उन्हाळ्यात क्रीम ढळते. यासाठी आधी रिकामा डबा ठेवून जागा, उजेड, कोन सारे ठरवून घ्यावे आणि केक शेवटी आणावा.

आता मुख्य तक्रार. काही जण मोबाइलमधील करामतीने रंग इतका भडक करतात की केक घरी पोचल्यावर गिऱ्हाईक ओळखत नाही. त्याहून वाईट म्हणजे परक्याने केलेल्या केकचा फोटो आपला म्हणून दाखवणे. मिलचे कापड दाखवून दुसरेच गळ्यात मारणाऱ्या दुकानदारास बाजारात काय म्हणतात, ते वाचक जाणतातच. उजेड कमी पडला म्हणून फोटो जरा उजळला तर आमची हरकत नाही, पण मोबाइलमधला रंग आणि समोरचा केक शेजारी धरून एकदा पाहावे. फोटोत जिलेटिन दिसत नाही. ते कशाचे आहे, केकमध्ये अंडे आहे की नाही, वजन किती, हे खाली स्पष्ट लिहावे. दिलेल्या प्रत्येक केकचा एक फोटो डब्यात ठेवल्यानंतरही काढावा. वाटेत केक कलंडला तर वाद मिटवायला तो उपयोगी पडतो.

राहता राहिली जागा. आमच्या बहुतेक घरांत चांगल्या उजेडाची खिडकी बैठकीत असते आणि तिच्यापाशी वर्तमानपत्र घेऊन पुरुष बसलेले असतात. मागणीच्या दिवशी त्यांनी ती अर्धा तास मोकळी करून द्यावी.