शरीर तग धरते, खुर्ची धरत नाही

प्रवासी विमानातील खुर्चीचा इतिहास बहुधा ऐषआरामाचा म्हणून सांगितला जातो: गादी केव्हा मऊ झाली, पाय पसरायची जागा केव्हा आक्रसली. तिचा दुसरा इतिहास नियमांच्या तारखांत दडला आहे, आणि त्या तारखा फसव्या आहेत.

१९५२ पासून अमेरिकेत प्रवासी खुर्चीने पुढच्या दिशेला गुरुत्वाच्या ९ पट ओढ सोसावी, असा दंडक होता. चाचणी साधी: खुर्चीवर ठरलेला ताण द्यायचा, ती टिकली की उत्तीर्ण. अपघातातला ताण मात्र असा सावकाश येत नाही, तो हिसक्याने येतो.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १० डिसेंबर १९५४ रोजी, न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटवर धावणाऱ्या गाडीत स्वतःला पट्ट्यांनी जखडून बसले. ताशी ६३२ मैलांचा वेग दीड सेकंदाच्या आत शून्यावर आला. शरीरावर गुरुत्वाच्या ४६ पट भार पडला. डोळ्यांत रक्त साकळले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले, आणि १९९९ पर्यंत जगले. विमानातला प्रवासी केवळ कमरेच्या पट्ट्याने बांधलेला असतो, त्यामुळे ही तुलना थेट लागू होत नाही हे खरे. तरीही माणूस आणि खुर्ची यांत दुबळे कोण, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले होते.

नियम बदलला १९८८ साली. आता खुर्चीवर मानवाकृती पुतळा बसवून १६ पट हिसका द्यायचा आणि पुतळ्याच्या डोक्याला व मणक्याला काय होते तेही मोजायचे. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख ठळक छापली जाईल. परंतु हा नियम लागू होता नव्याने मान्यता घेणाऱ्या आराखड्यांना. जुन्या आराखड्याची विमाने कारखान्यातून बाहेर पडतच राहिली. चालू ताफ्यातील खुर्च्या बदलण्याचा प्रस्तावही १९८८ चाच. २००५ मध्ये अंतिम नियम आला तेव्हा तो त्यातून गळाला होता. विमान कंपन्यांच्या नव्या विमानांत सर्वत्र सक्ती झाली २७ ऑक्टोबर २००९ पासून. काही उत्पादकांनी त्याआधीच स्वेच्छेने बळकट खुर्च्या बसवल्या, हे मान्य करूनही २१ वर्षांच्या या विलंबाला तांत्रिक अडचण म्हणणे म्हणजे हिशेबवहीला विज्ञानाचा मुखवटा चढवणे होय.

आणि बळकट खुर्चीही एकटी पुरत नाही. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधील केगवर्थजवळ बोइंग ७३७ कोसळले. १२६ जणांपैकी ४७ दगावले. त्यातील खुर्च्या जुन्या दंडकाहून मजबूत होत्या. जिथे विमानाची जमीन शाबूत राहिली, तिथे त्या बव्हंशी जागेवर राहिल्या; जिथे जमीनच फाटली, तिथे उखडून एकमेकींवर आदळल्या.

उरला देखभालीचा भाग, ज्याची नोंद इतिहासकार क्वचितच घेतात. २०१२ च्या शरद ऋतूत अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानांत उड्डाणादरम्यान खुर्च्यांच्या रांगा सुटू लागल्या. कंपनीला डझनावारी विमाने तपासणीसाठी थांबवावी लागली. खुर्ची रुळाला जखडणारी कळ नीट बसत नव्हती. आणि कंपनीने दिलेल्या कारणांत, वर्षानुवर्षे सांडलेल्या कॉफी-सोड्याचा त्या कळीत साचलेला चिकटा हेही एक होते.