वाफ नव्हे, औषध

आमच्या कोकणात पाऊस लागला की भिंतींना ओल येते, कपाटातल्या गोधड्यांना बुरशीचा वास सुटतो आणि दम्याच्या रुग्णांची परीक्षा सुरू होते. बुरशी, गादीतली धूळ, चुलीचा धूर, साधी सर्दी. एवढ्यानेही जोराचा अटॅक येऊ शकतो. अशा वेळी घरोघर ऐकू येणारा एक शब्द आम्हां शिक्षकांच्या कानाला खटकतो: ‘वाफ’.

दवाखान्यात नेब्युलायझर लावला तरी आपण ‘वाफ दिली’ म्हणतो आणि पातेल्यात पाणी उकळले तरी वाफच. शब्द एक, गोष्टी दोन. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल या औषधाचे बारीक तुषार छातीत उतरतात आणि आवळलेल्या श्वासनलिका सैल होतात. पातेल्यात ओवा घाला की निलगिरी, त्या नलिका उघडत नाहीत. मूल भाजण्याची भीती असते ती वेगळीच, आणि मोलाचा वेळ जातो.

धोका कसा ओळखावा? एका दमात वाक्य पुरे होत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, गुंगी येते. छातीतली शिट्टी बंद झाली, पण माणूस दमलेलाच आहे, तर उतार पडला असे समजू नये. हवाच आतबाहेर होत नाही, म्हणून आवाज थांबलेला असतो.

अशा वेळी रुग्णाला बसते ठेवावे, १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत पंपाला स्पेसर लावून एकेक करत ४ ते १० फवारे द्यावेत. गरज पडल्यास २० मिनिटांनी पुन्हा. गाडी आधी मिळाली तर फवाऱ्यांसाठी थांबू नये.

रुग्णालयात प्राणवायू, साल्ब्युटामॉलसोबत इप्राट्रोपियम आणि स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडचा गुण यायला काही तास लागतात, म्हणूनच ते पहिल्या तासातच मिळायला हवे. एवढ्याने भागले नाही तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. तरीही रुग्ण थकत गेला तर आयसीयू आणि व्हेंटिलेटर. तिथेही काम नाजूक असते. दम्यात आत गेलेली हवा लवकर बाहेर पडत नाही, म्हणून यंत्राचा श्वास सावकाश ठेवून उच्छ्वासाला जास्त वेळ द्यावा लागतो.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी खाडीपलीकडच्या वाडीवरून शहर गाठायला वेळ लागतोच. तो वेळ घरातल्या चर्चेत घालवू नये.

रमजानमध्ये ‘रोजा आहे, पंप कसा घेऊ?’ म्हणून कोणी थांबत असेल, तर त्याला आठवण द्यावी: आजाऱ्याने रोजे नंतर पुरे करावेत, ही सवलत सूरह बकरामध्येच आहे.

घरी परतल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या सांगितलेले दिवस पुऱ्या कराव्यात, रोजचा इनहेलर ‘सवय लागेल’ म्हणून बंद करू नये. मुलांच्या बाबतीत एक विनंती. दम्याची गोष्ट शाळेपासून लपवू नका, विशेषतः मुलीची, लग्नाच्या काळजीने. दप्तरात पंप ठेवा आणि तो कसा द्यायचा ते वर्गशिक्षकांना दाखवून ठेवा. दिवसाचे पाच-सहा तास मूल आमच्याजवळ असते.