विश्लेषण : यवतमाळच्या ‘शकुंतला’ची स्थानके ओस का पडली? नव्या रेल्वेमार्गाने तिची उणीव भरून निघेल?

वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या ब्रॉडगेज मार्गावरील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. एकीकडे नवी रेल्वे यवतमाळच्या दिशेने सरकत आहे, तर दुसरीकडे याच जिल्ह्यातील ‘शकुंतला’ची स्थानके निकामी पडून आहेत. शंभर वर्षे चाललेल्या या गाडीवर ही वेळ का आली?

‘शकुंतला’ कोणासाठी आली?

वऱ्हाडातील कपाशीसाठी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा या पट्ट्यातील कापूस मूर्तिजापूरला मुंबई-हावडा मुख्य मार्गावर पोहोचवायचा, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत, अशी ही साखळी होती. किलिक निक्सन या व्यापारी कंपनीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे मार्गाची मालकी होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ आणि तिथून अचलपूर ७६ किलोमीटर, असा हा नॅरोगेज मार्ग. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ही गाडी तब्बल १९९४ पर्यंत ओढली. त्यानंतर डिझेल इंजिन आले.

मालकीचा पेच काय?

गाडी चालवायची रेल्वेने, मार्ग कंपनीचा, आणि त्याच्या वापरासाठी रेल्वेने कंपनीला मोबदला द्यायचा, अशी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली. त्यामुळे ‘ब्रिटिशांच्या मालकीची रेल्वे’ अशी तिची ओळख आजही सांगितली जाते. ती अर्धवट आहे, कारण किलिक निक्सन पुढे भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. खरा प्रश्न मालक कोणत्या देशाचा हा नव्हता. जो गाडी चालवतो तो मालक नाही आणि जो मालक आहे तो गाडी चालवत नाही, तर रुळांवर पैसा कोणी घालायचा, हा होता. देखभाल रखडली, वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत घसरला आणि प्रवासाला सहा-सात तास लागू लागले. अखेर २०१० च्या दशकात यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी थांबली.

दुसरा मार्ग शक्य होता?

होता. कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज जोडणारी बार्शी लाइट रेल्वेही खासगी आणि नॅरोगेजच होती. ती सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली, नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज केली. आज तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. ‘शकुंतला’च्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा २०१६ मध्ये, सुमारे १,५०० कोटी रुपये खर्चाच्या अंदाजासह झाली. तोवर मार्ग जवळपास मोडकळीस आला होता.

नव्या मार्गाने प्रश्न सुटेल?

अर्धाच. नवा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा नांदेडकडे जातो. त्यामुळे यवतमाळ आणि दारव्ह्याला रेल्वे मिळेल. पण दारव्ह्याच्या पुढे कारंजा आणि मूर्तिजापूरपर्यंतची गावे त्यावर नाहीत. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, दत्तभक्तांचे मोठे तीर्थक्षेत्र. तरीही तिथल्या भाविकांसमोर आणि आसपासच्या शेतमजूर, विद्यार्थी, छोट्या व्यापाऱ्यांसमोर एसटी किंवा खासगी वाहन एवढाच पर्याय उरतो. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा गाडी पकडायची तरी आधी रस्त्यानेच जावे लागते. ‘शकुंतला’ संथ होती, पण या गावांना परवडणारी होती.

अवशेषांचे काय?

बंद मार्गाचे नुकसान वाट पाहत नाही. झुडपे रुळांवर चढतात, लोखंड चोरीला जाते, मोकळ्या जागेवर अतिक्रमण होते. प्रत्येक वर्षागणिक पुनरुज्जीवन महाग होत जाते. म्हणून ब्रॉडगेजचा निर्णय कधीही होवो, दोन कामे आजच करता येण्याजोगी आहेत : मार्गाच्या जमिनीची मोजणी करून ती सुरक्षित ठेवणे, आणि दारव्हा-मोतीबागसारख्या स्थानकांतील जुन्या सिग्नल व साहित्याची नोंद करून ते जपणे. जमीन राहिली तर रेल्वे परत येऊ शकते. ती एकदा हातची गेली, तर कारंजा-मूर्तिजापूर पट्ट्यासाठी नव्याने भूसंपादन करावे लागेल आणि आजवरचा अनुभव पाहता, त्याला किती वर्षे लागतील याचा अंदाज वर्धा-नांदेड मार्गाकडे पाहून येतो. २००८-०९ मध्ये मंजूर झालेल्या त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरू व्हायला २०२४ उजाडले.