धुराड्याचा जमाखर्च

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये आमच्या इंदूरशेजारच्या पीथमपूरला आला आणि जूनअखेर तेथील भट्टीत जळून संपला. त्या सहा महिन्यांत मोर्चे निघाले, बंद पाळला गेला, कोर्टकचेऱ्या झाल्या. धूर मर्यादेत आहे असे प्रदूषण मंडळ सांगे. लोकांचा विश्वास बसत नसे. धूर ‘धुतात’ म्हणजे काय करतात आणि तो खर्च कोणत्या खात्यात पडतो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसलेले विज्ञानाच्या मित्रांना रुचणार नाही; पण प्रश्न आमच्याही शाखेचा आहे.

सगळे वायू एकाच द्रावणाला वश होत नाहीत. सल्फर डायऑक्साइड किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ चुन्यात, कॉस्टिक सोड्यात सहज सापडते. पीथमपूरला कचऱ्याबरोबर चुना घातल्याचे आपण सर्वांनी वाचले. नायट्रिक ऑक्साइड मात्र चुन्याला दाद देत नाही, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भट्टीतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांत बहुतांश भाग त्याचाच. जळणात नायट्रोजन नसला तरी तो तयार होतो. प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनशी जुळतो. बाहेर पडल्यावर त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि तो छातीला बाधतो.

त्याला द्रावणात पकडण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली लोहाची. प्रयोगशाळेत नायट्रेट ओळखताना फेरस सल्फेटमुळे जे तपकिरी कडे दिसते, ते या वायूने लोहाशी संधान बांधल्याचे चिन्ह. इडीटीए या द्रव्याने जखडलेले तसलेच लोह धुरात फवारले तर वायू अडकतो. पण धुरातला उरलासुरला ऑक्सिजन फेरसचे फेरिक करून टाकतो आणि ते लोह कामातून जाते. दुसरी वाट सोडियम क्लोराइटने वायूचे ऑक्सिडीकरण करण्याची. येथे मलाही हिशेब मांडता आला. समीकरणाप्रमाणे १ किलो नायट्रिक ऑक्साइडचे पूर्ण नायट्रेट करायला सुमारे २.२६ किलो क्लोराइट व १.३३ किलो कॉस्टिक सोडा लागतो. हे झाले किमान. धुरात सल्फर डायऑक्साइड असला तर तोही यातला वाटा खातो.

आता आमच्या पुस्तकातला मुद्दा. धूर धुण्याचा मनोरा हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, त्याचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. द्रावण हा महसुली खर्च. ते दरमहा विकत घ्यावे लागते आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. विक्री घटली की मालकाचा हात प्रथम कुठे आखडेल, हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही! म्हणून माझे म्हणणे असे, की धुराड्यावरील मापकाच्या आकड्यांबरोबरच रसायनांच्या खरेदीची बिले आणि साठ्याची वही तपासली जावी व ती गावकऱ्यांनाही पाहता यावी. मापक बिघडू शकतो, बिघडवताही येतो. पण १०० किलो वायू पकडला म्हणणाऱ्याच्या वहीत २२६ किलो क्लोराइट खर्ची पडलेले दिसलेच पाहिजे. मोठ्या कारखान्यांत अमोनियाची कोरडी पद्धत अधिक चालते. तिथेही अमोनिया विकतच आणावा लागतो.

मर्यादा आहेत ना, मग वह्या कशाला, असे कोणी म्हणेल. पण मर्यादा बदलतात. असल्या भट्टीला घनमीटरमागे ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. २००३ ते २०१६ मधल्या औष्णिक संचांना २०१५ साली ३०० ची मर्यादा घातली होती, ती २०२० मध्ये ४५० झाली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी रायचूरच्या औष्णिक केंद्रापुरता हा विषय जरूर हाती घ्यावा.

वहीचे आणखी एक पान उरते. वरच्या हिशेबात किलोमागे २.८३ किलो सोडियम नायट्रेट पाण्यात उरते. वायू हवेतून गेला, तो पाण्यात आला. विहिरीत नायट्रेट वाढले तर तान्ह्या मुलांना ते घातक ठरते. तेव्हा त्या वापरलेल्या द्रावणाचे पुढे काय केले, कोणत्या टाकीत किती साठले आणि कोठे गेले, याची नोंदही त्याच वहीत, त्याच तारखेला पडायला हवी.