दोन चापांची बाजू

आमच्या घरात शस्त्र म्हणण्यासारखी वस्तू एकच : विळी. तिचाही ताबा माझ्याकडे नाही. असा माणूस दुनळी बंदुकीवर लेख लिहायला बसला म्हटल्यावर सौभाग्यवतींनी चहाचा कप जरा लांबूनच ठेवला. पण काय करणार? आमच्या साडूंनी भर पंगतीत विधान केलं की दोन चापांची बंदूक म्हणजे बैलगाडी. वाचकहो, माझ्या मामाची बंदूक दोन चापांची होती. आता मामा नाही आणि उत्तर द्यायला बंदुकीला स्वतःचं तोंड असलं, तरी ते बंद आहे. तेव्हा ही वकिली माझ्याकडे आली.

आधी साडूंविषयी. निवृत्तीनंतर कुणाला मधुमेह होतो, कुणाला अध्यात्म होतं. साडूंना नेमबाजी झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हौसेची शिकार बंद झाली, ते उत्तमच झालं. साडू मारतात त्या यंत्रातून हवेत भिरकावलेल्या तबकड्या. डांबर आणि चुनखडीच्या, चहाच्या बशीहून थोड्या लहान. पक्ष्यांच्या जागी बश्या आल्या, एवढाच फरक.

त्यांची बंदूक नळीवर नळी असलेली. नळ्या दोन, पण चाप एक. मग आधी कुठली नळी उडवायची? त्यासाठी अंगठ्याखाली एक बटण आहे. ते इकडे सरकवलं की वरची, तिकडे सरकवलं की खालची. शिवाय मखमली डबीत नळीच्या तोंडात फिरवून बसवायचे पाच चोक आणि एक किल्ली. आमच्या सौभाग्यवतींच्या दागिन्यांना आजवर एवढी मखमल लाभलेली नाही.

चोक म्हणजे काय, हे मला मामानं शिकवलं. १९६८ साल. गणपतीसाठी आम्ही रत्नागिरीकडे आजोळी गेलो होतो, मी बारा वर्षांचा. मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी विलायती दुनळी होती. नळ्या शेजारीशेजारी, चाप एकामागे एक. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. उजवी नळी टोकापर्यंत सरळ, डावी टोकाशी किंचित आवळलेली. ही आवळणी म्हणजे चोक. बारा बोअरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. पुरा आवळलेला, म्हणजे 'फुल' चोक, त्यातला जेमतेम एक मिलिमीटर खातो.

"एवढ्यानं काय होणार?" मी विचारलं.

मामानं उत्तर दिलं नाही. त्यानं मागच्या दरडीला जुन्या वर्तमानपत्रांचे दोन मोठे कागद चिकटवून लावले, खिळा आणि सुतळीनं प्रत्येकावर तीस इंची वर्तुळ काढलं, चाळीस यार्ड मोजले आणि एकेका नळीचा एकेक बार टाकला. मग मला पेन्सिल देऊन म्हणाला, "मोज."

मी भोकं मोजली. हिशेब पुस्तकातल्यासारखाच निघाला. सरळ नळीच्या शंभर छर्ऱ्यांतले चाळीसेक वर्तुळात पडतात, फुल चोकच्या नळीचे सत्तरेक. हाफ चोक मधे, साठाच्या आसपास. पुष्कळांची समजूत असते की चोकनं छर्रे जोरात जातात. तसं काही होत नाही. ते एकमेकांना धरून जातात, एवढंच. पण म्हणून फुल चोक चांगला असंही नाही. पंधरा पावलांवर सरळ नळीचे छर्रे परातीएवढे पसरतात, फुल चोकचे ताटाएवढेच. जवळच्या वस्तूवर ताटानं नेम धरायचा तर नेम मामाचाच हवा. तेव्हा जवळ असेल तर उजवी, लांब असेल तर डावी. पुढचा चाप किंवा मागचा चाप. निवड बोटाखाली. तिला बटण लागत नाही, ठिपका लागत नाही, किल्ली लागत नाही.

आता साडूंचं बटण पाहा. त्यांनी मला एका रविवारी मैदानावर नेलं. "आता समोरून जवळ येणारी तबकडी आहे," ते म्हणाले, "म्हणून मी मोकळी नळी निवडतो." हे निवडणं मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण क्रम सांगतो. बटण आणि सेफ्टी एकच. सेफ्टी मागे असल्याशिवाय ते आडवं सरकत नाही. म्हणजे आधी मागे, मग आडवं, मग पुढे. अर्धवट सरकलं तर पुढे जात नाही. हे सगळं होईपर्यंत तबकडी गवतात जाऊन बसली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी आधीच निवड करून ठेवली. बार झाला, तबकडी धडधाकट. मग प्रश्न निघाला की एक ठिपका म्हणजे वरची नळी, की एक ठिपका म्हणजे पहिली नळी? पिशवीतून माहितीपुस्तिका निघाली. चष्मा गाडीत राहिला होता.

मी हसलो नाही. साडू आहेत. पण परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःच राज्यवर्धनसिंह राठोडांचं नाव काढलं. २००४ साली अथेन्सला त्यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते काय दोन चाप ओढून? मी म्हटलं, साहेब, तुम्ही माझाच साक्षीदार बोलावलात. त्या खेळात दोन तबकड्या एकदम सुटतात आणि त्यांचे मार्ग आधी ठरलेले असतात. कुठली नळी आधी, हे घरून निघतानाच ठरवता येतं. तिथं बटण एकदा लावून विसरायचं असतं. जे विसरण्यात शहाणपण आहे, त्याची पंगतीत जाहिरात कशाला? आणि ज्या नळीवर नळीच्या बंदुकीचा साडूंना एवढा अभिमान, ती जॉन ब्राउनिंगची प्रसिद्ध रचना. ब्राउनिंग १९२६ साली गेला, बंदूक १९३१ साली बाजारात आली, आणि आली ती दोन चाप घेऊनच. एक चाप त्याच्या मुलानं मागाहून बसवला. पुढच्या पिढीला बापाचं काम अपुरं वाटतं, हे तिकडेही आहे.

न्यायाला धरून एका चापाची बाजूही सांगतो. त्यात बोट हलवावं लागत नाही, दुसरा बार पटकन होतो, आणि नवख्याचं बोट पुढच्या चापावर आपटून सोलवटत नाही. स्पर्धेत हे सगळं मोलाचं. पण स्पर्धेत काडतूस फुसकं निघालं तर पंच असतो. शेताच्या बांधावर पंच नसतो.

त्याच गणपतीतली गोष्ट. हळवं भात पोटरीला आलं होतं आणि रानडुकरांचा कळप रोज रात्री येत होता. एका रात्रीत वर्षाचे दाणे चिखलात जातात. मामा बंदूक घेऊन निघाला, मागे मी बॅटरी घेऊन. आईला ठाऊक नव्हतं. बेत साधा होता : हवेत दोन बार, डुकरं पसार. बांधाचं वळण घेतलं तर दहा पावलांवर एक एकुलगा उभा. बॅटरी नेमकी त्याच्या डोळ्यांवर पडली. मामानं नळी आभाळाकडे करून पुढचा चाप ओढला. खट्. पावसाळी हवेनं कागदी काडतूस सर्दावलं होतं. डुकरानं मान खाली घातली. ती घालण्याचा अर्थ मला कळत नव्हता, मामाला कळत होता. त्याचं बोट मागच्या चापावर गेलं आणि जो बार झाला, तो मला अजून ऐकू येतो. डुक्कर रानात गेलं. मी बॅटरीसकट चिखलात बसलो होतो.

मग मामानं आणखी एक केलं, जे मी विसरलेलो नाही. नळ्या तशाच आभाळाकडे धरून तो पुटपुटत साठ अंक मोजत उभा राहिला. "काही काडतुसांना उशिरा शहाणपण सुचतं," म्हणाला आणि त्यानंतरच बंदूक मोडून ते काडतूस बाहेर काढलं.

हे मी साडूंना सांगितलं आणि एकच प्रश्न विचारला. बऱ्याच एकचापी बंदुकांत दुसरी नळी तयार होते ती पहिल्या बाराच्या धक्क्यानं. बारच झाला नाही तर धक्का नाही, आणि धक्का नाही तर तुमचा चाप ओढून उपयोग नाही. आधी ते बटण सरकवा. दहा पावलांवर, अंधारात, थरथरत्या अंगठ्यानं? साडू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या तबकड्या अंगावर येत नाहीत हो." ते खरं आहे. म्हणूनच त्यांनी त्यांचं बटण खुशाल वापरावं. फक्त बैलगाडी हा शब्द मागे घ्यावा.

मामा गेल्यावर मामेभावानं बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली. वर्तमानपत्राचे ते दोन कागद मात्र माझ्याकडे होते. पिवळे पडलेले, भोकांभोवती माझ्याच पेन्सिलीच्या खुणा. मी ते साडूंपुढे पसरले. पाच चोक, मखमली डबी आणि किल्ली बाळगणाऱ्या या गृहस्थानं आपला एकही चोक कागदावर कधी तपासला नव्हता. काडतूस बदललं की पसारा बदलतो, हेही त्यांना नवीन होतं.

शब्द त्यांनी मागे घेतला नाही. साडू शब्द मागे घेत नसतात. पण परवा त्यांचा फोन आला : "घरात जुनी रद्दी किती आहे? आणि रविवारी मोकळे आहात का? भोकं मोजायला माणूस हवाय."

मी पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.