जनुकांची कात्री गडचिरोलीपर्यंत कधी?

जाडजूड ग्रंथात एकच अक्षर चुकावे आणि सगळा अर्थ बिघडावा, असे सिकलसेल आजारात घडते. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांपैकी हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ येतो. एवढ्या फरकाने, प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल, लवचीक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य हाडदुखी, कायमचा रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग आणि कधी कधी शाळकरी वयातच पक्षाघात, हे सारे रुग्णाच्या वाट्याला येते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर किंवा नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे वेगळे सांगावे लागत नाही.

लायनस पॉलिंग यांनी हा रेणूतील दोषाचा आजार असल्याचे १९४९ मध्येच दाखवून दिले होते. कारण कळले, पण दुरुस्तीचे हत्यार नव्हते. ते पुढे जिवाणूंकडून मिळाले. विषाणूंशी लढताना जिवाणू त्यांच्या जनुकीय धाग्याचे नेमक्या जागी तुकडे करतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये या यंत्रणेचे रूपांतर हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीत केले. हीच ‘क्रिस्पर’. २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने या कात्रीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला, ‘कॅसजेव्ही’ला, मान्यता दिली. तो उपचार सिकलसेलवरचाच होता.

यातली युक्ती मोठी सुंदर आहे. चुकलेले अक्षर या उपचारात बदलतच नाहीत. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळजवळ थांबवते. रुग्णाच्या रक्तातील मूळपेशी काढून, हे थांबवणारे ‘बटन’ प्रयोगशाळेत कापले जाते आणि पेशी परत दिल्या जातात. गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी, पुरेसा काळ लोटलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेच्या झटक्यांपासून मुक्त होते.

मात्र हे इंजेक्शन घेऊन घरी जाण्यासारखे नाही. दुरुस्त पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात जंतुसंसर्गाचा आणि वंध्यत्वाचा धोका असतो. काही आठवडे निर्जंतुक खोलीत काढावे लागतात. या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवले जाणार आहे, कारण दूरचे परिणाम काळच सांगेल. शिवाय अमेरिकेत उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांहून अधिक ठेवण्यात आली. भामरागडच्या मजुराच्या मुलाला या आकड्याचा काय उपयोग?

म्हणूनच देशातले प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सीएसआयआरच्या संस्थेने स्वतःची क्रिस्पर उपचारपद्धती विकसित केली आहे. बिरसा मुंडांच्या नावावरून तिला ‘बिरसा १०१’ म्हटले जाते आणि तिच्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. स्वस्तात करणे अशक्य नाही, हे आपण एकदा पाहिले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली रक्ताच्या कर्करोगावरची ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती परदेशाच्या सुमारे एक दशांश खर्चात मिळू लागली. सिकलसेलबाबतही हे घडू शकते. पण मानवी चाचण्यांच्या पायऱ्या घाईने ओलांडता येणार नाहीत, आणि तोवर रुग्णांनी थांबून राहावे असेही म्हणता येणार नाही.

आज हाताशी असलेले उपाय साधे आहेत. हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी, स्वस्त गोळीसुद्धा गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते आणि झटके कमी करते. नवजात बाळाची तपासणी, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस यांनी बालमृत्यू टळतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. पण तपासणीचा आकडा गाठणे म्हणजे उपचार नव्हे. ज्याच्या हातात ‘एसएस’चा अहवाल दिला, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला गोळी मिळते का, आणि मध्यरात्री वेदना उठल्यावर जवळच्या रुग्णालयात सलाईन, वेदनाशामक व रक्त मिळते का, हे विचारायला हवे. विदर्भातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खाटा आणि प्रशिक्षित परिचारिका आजपासून उभ्या करायला हव्यात. त्या नसतील, तर स्वस्त झालेली जनुकीय कात्रीही नागपूर-मुंबईच्या खासगी रुग्णालयांतच अडकून पडेल.

एक गैरसमज आताच दूर व्हायला हवा. या उपचारात फक्त रुग्णाच्या रक्तपेशी बदलतात, बीजपेशी नाहीत. बरा झालेला रुग्णही मुलांना हे जनुक देणारच. त्यामुळे लग्नापूर्वीची तपासणी आणि समुपदेशन यांची गरज संपत नाही. ‘एएस’ म्हणजे वाहक, आजारी नव्हे. तो निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला मात्र आजाराची २५ टक्के शक्यता असते. ही माहिती मुलीला नाकारण्यासाठी वापरू नये. ती दोघांनी मिळून निर्णय घेण्यासाठी आहे.

विज्ञानाने एका अक्षराच्या चुकीवर तोड शोधायला सत्तर वर्षे घेतली. ती तोड धानोऱ्याच्या आणि धडगावच्या मुलापर्यंत नेणे हे प्रयोगशाळेचे काम नाही. ते अंदाजपत्रकाचे, सरकारी दवाखान्याचे आणि त्यासाठी प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांचे काम आहे.